लाकड्याचं घुंगरू आणि छबीचं आवतन

एक होता बैल. मुठीएवढा.

त्याचं नाव लाकड्या. त्याला चार चाकं होती. गळ्यात एक घुंगरू होतं. चाकं म्हणायची, खुडखुड. घुंगरू म्हणायचं, टुण.

लाकड्या आबाजींनी केला होता. आबाजी म्हणजे छबीचे आजोबा. घरात एक मोडकं जू होतं. जू म्हणजे बैलांच्या खांद्यावर ठेवतात ते लाकूड. त्या जुवातून आबाजींनी लाकड्या कोरला. शिंगं कोरली. वशिंड कोरलं. शेपटी सुतळीची लावली. एक खिळा वाकडा नाही. आबाजींची वस्तू अशीच असते.

काल मोठ्या बैलांचा पोळा झाला. आज तान्हा पोळा. तो लाकडाच्या बैलांचा. म्हणजे लहान पोरांचा. पोरांनी आपला बैल घरोघर न्यायचा. घरच्यांनी पोरांच्या हातावर खाऊ ठेवायचा. त्या खाऊला म्हणतात बोजारा.

छबी लहान होती. तिचा हा पहिलाच तान्हा पोळा. ती नागपूरहून गावी आली होती. परवाच यायची होती. पण नाल्याला पूर आला. वाट बंद झाली. ती काल दिवेलागणीला पोचली. पोळा सरून गेला होता.

सकाळी छबी उठली. लाकड्या दिसला.

"माझा!" छबी म्हणाली.

तिनं दोरी धरली. धावत सुटली. खुडखुड खुडखुड. टुण टुण. वाटेत उंबरा आला. छबी थांबली नाही.

धाडकन!

गळ्यातला दोरा तुटला. घुंगरू पडलं. टुण. घरंगळलं. टुण टुण. भिंतीपाशी गेलं. टुण टुण टुण. भिंतीत होतं उंदराचं बीळ. घुंगरू बिळात गेलं. मग आवाजच नाही.

"माझं घुंगरू!" छबी रडू लागली. "मुका बैल मी नेणार नाही. तान्हा पोळाच नको मला!"

ती दाराआड जाऊन बसली. डोळे गच्च मिटले.

आता घुंगरू कोण आणणार? दोरी ओढायला कोणी नव्हतं. लाकड्यानं आपली चाकं आपणच फिरवली. दोरी मागे सरपटत राहिली. तो निघाला.

खुडखुड खुडखुड. गेला उंदराकडे.

"राम राम, उंदीरमामा."

"राम राम. काऊन आला?"

"माझं घुंगरू दे."

"नाही देत. आधी करंजी आन. मग घुंगरू नेजो."

उंदरानं शेपटी आत ओढली. लाकड्या वळला.

खुडखुड खुडखुड. गेला आजीकडे. आजी स्वयंपाकघरात होती. ताटात करंज्या मांडल्या होत्या. पांढऱ्या. कच्च्या.

"राम राम, आजी."

"राम राम, बाप्पा. काऊन आला?"

"उंदीर घुंगरू देईना,
माझा तान्हा पोळा होईना!"

"मग मी काय करू?"

"करंजी दे."

"नाही देत. कच्ची कशी देऊ? गॅस संपला. सणालेच संपला मेला! आता चुलीवर तळीन. आधी चूल पेटू दे. मग करंजी नेजो."

खुडखुड खुडखुड. गेला चुलीकडे. चूल अंगणात होती. गार. राखेत मांजर झोपलं होतं.

"राम राम, चुलीबाई."

"राम राम. काऊन आला?"

"उंदीर घुंगरू देईना,
आजी करंजी तळेना,
माझा तान्हा पोळा होईना!"

"मग मी काय करू?"

"पेट."

"नाही पेटत. पोटात माझ्या आहे काय? राख आणि हे मांजर. आधी काटकी आन. मग पेटीन."

मांजरानं एक डोळा उघडला. लाकड्याकडे पाहिलं. पुन्हा मिटला.

खुडखुड खुडखुड. गेला बाभळीकडे. बाभूळ घरामागे होती. उंच. काटेरी. वर वाळक्या काटक्या लोंबत होत्या.

"राम राम, बाभूळबाई."

"राम राम. जवळ नको येऊ, काटा रुतेल. काऊन आला?"

"उंदीर घुंगरू देईना,
आजी करंजी तळेना,
चूल काही पेटेना,
माझा तान्हा पोळा होईना!"

"मग मी काय करू?"

"काटकी टाक."

"नाही टाकत. अशी नाही पडत ती. कबऱ्या बैल येतो. अंग घासतो. घसघस घसघस. तेव्हा पडते. आज तो आलाच नाही. आधी कबऱ्याले आन. मग काटकी नेजो."

खुडखुड खुडखुड. गेला गोठ्यात.

कबऱ्या बसला होता. केवढा मोठा! बसलेला असून दाराएवढा. अंगावर पांढरे-काळे ठिपके. शिंगं आभाळाकडे. एके काळी गावात त्याच्या तोडीचा बैल नव्हता. चिखलात गाडी रुतली की लोक म्हणायचे, कबऱ्याला आणा. कबऱ्या यायचा. एक हिसका. गाडी बाहेर. आता तो म्हातारा झाला. नांगर ट्रॅक्टर ओढतो. पण मान अजून ताठ आहे.

"राम राम, कबऱ्याबाबा."

 कबऱ्यानं नाक खाली आणलं. लाकड्याचा वास घेतला. फूं.

"तुझा वास माझ्या ओळखीचा आहे."

"मी जुवाचा आहे. मोडलं ना, त्या जुवाचा."

"म्हणजे माझ्या खांद्यावरचा! घरचाच. मग बोल. काऊन आला?"

"उंदीर घुंगरू देईना,
आजी करंजी तळेना,
चूल काही पेटेना,
बाभूळ काटकी टाकेना,
माझा तान्हा पोळा होईना!"

"मग मी काय करू?"

"उठा. बाभळीला अंग घासा."

"नाही उठत. काल पोळा झाला. सगळे जेवले. मी नाही जेवलो. पुरणपोळी तोंडापुढं आली. मी तोंड फिरवलं. मले आवतन नव्हतं."

"आवतन म्हणजे काय?"

"जेवायचं बोलावणं. पोळ्याच्या आदल्या सांजेले देतात. खांद्याले लोणी-हळद लावतात. कानात म्हणतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायले या.' मग बैल सणाले उठतो. बिनबोलावता मी जेवत नाही."

कबऱ्याचं पोट वाजलं. गुर्रर्र. कबऱ्यानं ऐकलं नाही असं दाखवलं.

"आधी आवतन आन," तो म्हणाला. "मग उठीन. आवतन आबाजींकडे आहे."

खुडखुड खुडखुड. गेला आबाजींकडे.

आबाजी ओसरीवर बसले होते. ताठ. मिशी पांढरी. फेटा पांढरा. बाजूला एक वाटी. वाटीत लोणी-हळद.

"राम राम, आबाजी."

"राम राम. वाकडा उभा आहेस. नीट राहा. हं. काऊन आला?"

लाकड्या नीट उभा राहिला.

"उंदीर घुंगरू देईना,
आजी करंजी तळेना,
चूल काही पेटेना,
बाभूळ काटकी टाकेना,
कबऱ्या बैल उठेना,
माझा तान्हा पोळा होईना!"

"मग मी काय करू?"

"आवतन द्या."

"नाही देत."

"काऊन?"

"माझ्या आबाजीनं मले आवतन शिकवलं. मी माझ्या नातीले शिकवीन. परवा मी वाटी भरून बसलो. नाल्याले पूर आला. पोरगी आली नाही. मी वाटी उचलली नाही. ती अजून भरलेलीच आहे. या वर्षी आवतन छबी देईल."

"ती लहान आहे, आबाजी. चुकली तर?"

आबाजींची मिशी हलली.

"चुकली? माझी नात आहे. चुकणार नाही. आधी छबीले आन. मग आवतन नेजो."

खुडखुड खुडखुड. गेला छबीकडे.

छबी दाराआडच होती. डोळे मिटलेलेच होते.

"राम राम, छबी."

"राम राम. काऊन आला?"

"उंदीर घुंगरू देईना,
आजी करंजी तळेना,
चूल काही पेटेना,
बाभूळ काटकी टाकेना,
कबऱ्या बैल उठेना,
आबाजी आवतन देईनात,
माझा तान्हा पोळा होईना!"

"मग मी काय करू?"

"डोळे उघड. ऊठ."

"नाही उघडत. नाही उठत. आधी माझं घुंगरू आण. मग उठीन."

खुड.

लाकड्याची चाकं थांबली.

आता कुठं जायचं? छबीला हवं घुंगरू. घुंगरू आहे उंदराकडे. उंदराकडून तर तो निघाला होता. सगळं गोल फिरून आलं. चाकासारखं गोल.

बाहेर पोरं जमू लागली. खुडखुड खुडखुड. टुण टुण. दुसऱ्यांचे बैल. दुसऱ्यांची घुंगरं. तान्हा पोळा निघणार होता. लाकड्यावाचून निघणार होता.

लाकड्या छबीच्या पायाशी टेकला. अगदी बारीक आवाजात म्हणाला,

"उंदीर घुंगरू देईना,
आजी करंजी तळेना,
चूल काही पेटेना,
बाभूळ काटकी टाकेना,
कबऱ्या बैल उठेना,
आबाजी आवतन देईनात,
छबी डोळे उघडेना,
माझा तान्हा पोळा होईना."

छबीनं एक डोळा उघडला.

"माझं नाव घेतलंस?"

"घेतलं."

"कबऱ्या का उठत नाही?"

"उपाशी आहे."

छबीनं दुसरा डोळा उघडला.

"उपाशी? त्याला पोळी नाही दिली?"

"दिली. पण ये म्हणून कोणी बोलावलंच नाही."

 छबीनं नाक फ्रॉकला पुसलं. आणि उठली.

"चल," ती म्हणाली.

घुंगरू ती विसरूनच गेली.

छबी गेली आबाजींकडे. तुरुतुरु तुरुतुरु. मागे लाकड्या. खुडखुड खुडखुड.

"आबाजी, मला आवतन शिकवा."

आबाजी हसले नाहीत. पण वाटी उचलली.

"हात धू."

छबीनं हात धुतला.

"दोन्ही."

छबीनं दोन्ही धुतले.

"म्हण. आज आवतन घ्या."

"आज आवतन घ्या."

"उद्या जेवायले या."

"उद्या जेवायले या."

"विसरशील?"

"नाही."

"चल."

सगळे गोठ्यात गेले. आजीही आली, हाताला पीठ तसंच. कबऱ्या केवढा आणि छबी केवढी! तिचा हात पुरेना. आबाजींनी तिला उचललं. कबऱ्याच्या खांद्यावर एक गुळगुळीत जागा होती. तिथं केस नव्हते. तिथं जू असायचं. छबीनं तिथं लोणी लावलं. हळद लावली. थप थप. आबाजींनीही तिथं हात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"आता म्हण," आबाजी म्हणाले.

छबीनं कबऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. कान तिच्या तोंडाहून मोठा. तेवढ्यात कबऱ्याचं पोट वाजलं. गुर्रर्र!

छबी घाईनं म्हणाली,

"आज आवतन घ्या, आज जेवायले या!"

"चुकली!" लाकड्या म्हणाला.

"उद्या, माय, उद्या!" आजी म्हणाली.

आबाजींनी बोट वर केलं. ते सांगणारच होते.

पण कबऱ्यानं मागचे पाय सरळ केले. पुढचे पाय सरळ केले. धम्म! कबऱ्या उठला. गोठा भरून गेला.

आबाजींचं बोट वरच राहिलं. मग त्या बोटानं त्यांनी मिशी पिळली.

"कोण म्हणते चुकली?" आबाजी म्हणाले. "काल सण गेला. आज तो उपाशी आहे. त्याले उद्या बोलावून काय करता? पोरगी बरोबर बोलली. पोळी आना!"

आजीनं कालची पुरणपोळी आणली. कबऱ्या जेवला. लप लप लप. ताट चाटून पुसून ठेवलं.

पोट भरलं. पोट भरलं की अंग खाजतं. कबऱ्या बाभळीकडे गेला. धम धम धम. अंग घासलं. घसघस घसघस. बाभूळ हलली. काटक्या पडल्या. कडकड कडकड. छबीनं काटे बघून बघून त्या वेचल्या. काही लाकड्याच्या पाठीवर ठेवल्या.

काटक्या आल्या चुलीकडे. मांजर उठलं, रागानं निघून गेलं. चूल पेटली. भप!

चूल पेटली. कढई चढली. करंजी पडली. चुर्रर्र! करंजी फुगली. गोरी करंजी तांबूस झाली. आजीनं पहिली करंजी लाकड्याच्या पाठीवर ठेवली.

"जपून ने, बाप्पा. गरम आहे."

खुडखुड खुडखुड. करंजी आली उंदराकडे.

"ही घे करंजी. दे घुंगरू."

उंदरानं करंजी ओढली. कुरुम कुरुम. मिशा पुसल्या.

"अजून एक आन," उंदीर म्हणाला. "मग देतो."

असा लबाड!

कबऱ्या मागेच उभा होता. त्यानं नाक बिळाला लावलं.

"फूंऽऽऽ!"

आतून आवाज आला. टुण. टुण टुण. घुंगरू आपणहून बाहेर आलं. घुंगरामागे उंदीर आला, उलटा.

"घ्या, घ्या! मी गंमत केली!" उंदीर म्हणाला, आणि आत पळाला.

आबाजींनी नवा दोरा घेतला. घुंगरू लाकड्याच्या गळ्यात बांधलं. एक गाठ. वर दुसरी गाठ.

"आता उंबरा आला की थांब," आबाजी छबीला म्हणाले.

उंबरा आला. छबी थांबली. लाकड्याला उचललं. पलीकडे ठेवलं. आणि मग निघाली. खुडखुड खुडखुड. टुण टुण टुण!

लाकड्या जोरात म्हणाला,

"छबीनं डोळे उघडले,
आबाजींनी आवतन शिकवलं,
कबऱ्या बैल उठला,
बाभळीनं काटकी टाकली,
चूल भपकन पेटली,
आजीनं करंजी तळली,
उंदरानं घुंगरू दिलं,
माझा तान्हा पोळा झाला!"

गावात खूप बैल निघाले होते. कोणाचा निळा. कोणाचा सोनेरी कागदाचा. कोणाचा बाजारातून आणलेला, चाळीस घुंगरांचा. पण लोक थांबून पाहत होते तो लाकड्याच. कारण लाकड्यामागे छबी. छबीमागे आबाजी. आणि आबाजींमागे कबऱ्या, खांद्यावर लोणी-हळद, मान ताठ. असा तान्हा पोळा गावानं पाहिला नव्हता.

पहिलं घर शेजारच्या पार्वताबाईचं. पार्वताबाईनं लाकड्याला कुंकू लावलं. छबीच्या हातावर बोजारा ठेवला. एक लाडू, मूठभर खारीक.

"काय वो छबीबाई," पार्वताबाई म्हणाली. "तुम्ही कबऱ्याले आवतन दिलं म्हणे. काय म्हटलं?"

छबी मोठ्यानं म्हणाली, "आज आवतन घ्या, आज जेवायले या!"

पार्वताबाई पोट धरून हसली.

"अगं माय! 'उद्या' म्हणतात! सारं गाव 'उद्या' म्हणते!"

छबीनं मागे पाहिलं. आबाजींकडे.

आबाजींनी मिशी पिळली.

"म्हणत असंन गाव," ते म्हणाले. "आमच्या घरी 'आज' म्हणतात."

झालं. तेव्हापासून त्या घरात तेच म्हणतात. पोळ्याच्या आदल्या सांजेला छबी हात धुते. दोन्ही. लोणी-हळद लावते. कबऱ्याच्या कानात म्हणते, "आज आवतन घ्या, आज जेवायले या." मग कबऱ्या त्याच सांजेला जेवतो. आणि दुसऱ्या दिवशी पोळा असतो, म्हणून पुन्हा जेवतो.

गावातले बाकीचे बैल एकदा जेवतात. आबाजींच्या घरचा बैल दोनदा.

टुण! घुंगरू वाजलं, गोष्ट संपली. आता हात धुवा.

दोन्ही.